पहिली शी आणि विड्याच्या पानाचा देठ

संपादकबाईंचा फोन आला. "शिर्के, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा की दिवाळी अंकासाठी. हलकंफुलकं काहीतरी."

मी विचारलं, "तान्ह्या बाळांच्या शीवर लिहू का?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, बाईंची मेट्रो बोगद्यात शिरली. मग त्या म्हणाल्या, "लिहा. पण चकलीच्या भाजणीच्या जाहिरातीपासून लांब छापीन."

तेव्हा वाचकहो, समोर फराळाचं ताट असेल तर आधी ते संपवून घ्या. मी थांबतो.

मी साथरोगतज्ज्ञ आहे. म्हणजे डॉक्टर आहे, पण औषध देत नाही. कुठला आजार कुणाला होतो, कुठे होतो, किती जणांना होतो, हे मोजत बसतो. माझ्या लग्नाच्या वेळी आईला हे समजावून सांगताना फार त्रास झाला होता. ती पाहुण्यांना सांगायची, "डॉक्टर आहे हो, पण हाताला गुण नाही म्हणून सरकारी ऑफिसात बसवलाय." करोनाच्या काळात मला थोडा भाव आला. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या कॉलनीतले लोक (क्वार्टर बायकोच्या नावावर आहे, मी तिथला आश्रित) जिन्यात अडवून विचारायचे, "शिर्के जी, लहर कब जाएगी?" मला ठाऊक नसायचं. लहर गेली तसा भावही गेला, आणि मला एका नव्या अभ्यासावर टाकण्यात आलं. आजार असा की त्याची साथ कधी येतच नाही. साथ न येणाऱ्या रोगाचा साथरोगतज्ज्ञ! बायको, वैशाली, म्हणाली, "अच्छा, म्हणजे बढती झाली."

आजार जन्मजात. त्याला एका परदेशी डॉक्टरांचं नाव आहे, ते उच्चारताना माझी अजून जीभ अडखळते, म्हणून इथे सोडून देतो. होतं ते एवढंच: आपल्या आतड्याच्या भिंतीत बारीक मज्जापेशी असतात, त्या आतड्याला सांगत असतात, 'ढकल, पुढे ढकल.' काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी आईच्या पोटात असतानाच पोचत नाहीत. तो भाग आवळून बसतो. दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर दरवाजे उघडायला माणूसच नेमला नसेल, तर मागे द्वारकेपर्यंत गाड्या तुंबतील, तसं बाळाचं पोट तुंबतं, फुगतं. काही हजार बाळांमध्ये एखाद्याला होणारा आजार. मुलांना जास्त, मुलींना कमी. वेळेत कळलं तर ऑपरेशन करून तो भाग काढतात आणि मूल हसतं-खेळतं होतं. उशीर झाला तर आतड्याला सूज येते, विष भिनतं, जिवावर बेततं. म्हणजे सगळा खेळ लवकर कळण्याचा.

आणि कळतं कशावरून? पहिल्या शीवरून. जन्मल्यावर बाळाला काळपट-हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते. निरोगी बाळाला ती बहुधा पहिल्या दिवसातच होते. या आजारात बहुतेकांना उशीर लागतो. म्हणून आमच्या प्रश्नावलीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न: 'पहिली शी कधी झाली?' केस पिकलेला मी, दिल्लीभर लोकांच्या दारात उभा राहून हा प्रश्न विचारत असे. एका घरातल्या आजोबांनी मला नीट न्याहाळून विचारलं होतं, "किसकी? मेरी?"

या कामात गोंधळ पाचवीला पुजलेला. सुरुवातीलाच आम्हाला मुनिरकातली एक गल्ली सापडली, जिथल्या एकाच घरातून या आजाराची मुलं इस्पितळात येत होती. आमच्या ऑफिसात आनंद मावेना. दुर्मीळ आजार आणि एकाच घरात! पाणी तपासायचं ठरलं, माती तपासायची ठरली. मी आणि आमच्या संख्याशास्त्रज्ञ मिसेस भटनागर बाटल्या घेऊन त्या गल्लीत पोचलो. घर म्हणजे भाड्याची एक खोली. तिथे एका सोसायटीचे वॉचमन राहत होते, एकटे, अविवाहित. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "साहब, पता हमारा है। बच्चे पूरे ज़िले के हैं।" गावाकडून कोणीही लेकराला घेऊन दिल्लीला आलं की इस्पितळात दिल्लीचा पत्ता विचारतात, आणि पत्ता द्यायला हा भला माणूस. आम्ही रिकाम्या बाटल्या घेऊन परतलो. मिसेस भटनागर रिक्षात म्हणाल्या, "पानी तो भर ही लेते, शिर्के जी। चाय अच्छी थी, पानी भी अच्छा ही होगा।"

पण त्याहून मोठा गोंधळ पहिल्या शीचा. पुस्तकं म्हणतात, या मुलांना पहिली शी उशिरा होते. आणि आम्ही ज्या आया-आज्यांना विचारत होतो, त्यांतल्या भरपूर जणी छातीठोकपणे सांगत होत्या, "उसी दिन हो गई थी जी।" मूल ऑपरेशन झालेलं, आजार सिद्ध झालेला, आणि पहिली शी मात्र वेळेवर! असं कसं? आम्ही बैठका घेतल्या. कोणी म्हणालं, बायकांना आठवत नसेल. कोणी म्हणालं, आपल्याकडचा आजारच वेगळ्या जातीचा असेल. मी त्यावर एक सिद्धांतही मांडला होता, त्यात पाणी, आहार आणि हवामान अशा तिन्ही गोष्टी होत्या. तो नेमका काय होता हे आता मलाही सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मी तो फार गंभीर चेहऱ्याने मांडला होता.

आणि अशातच माझी भाची केतकी बाळंत झाली.

केतकी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. नवरा निखिल, दोघंही गुडगावच्या कंपन्यांत, राहायला द्वारकेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सांगलीहून केतकीच्या सासूबाई, सुमनताई, आल्या. बाई कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी डिंकाचे लाडू केले, धुरीची व्यवस्था केली आणि सोसायटीच्या फायर अलार्मशी दोन हात केले. मुलगी झाली. बारसं महिना उलटल्यावर, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून केलं. नाव ठेवलं ईरा.

बारशाला आम्ही सहकुटुंब गेलो. पाळणा कुठल्याशा पंजाबी इव्हेंटवाल्याकडून आणला होता, त्यावर गुलाबी दिवे पेटत-विझत होते. बायका बाळावर वाकून म्हणत होत्या, "काय गं बाई बाळसं धरलंय! पोट बघा कसं टुमटुमीत!"

माझी मुलगी ओवी दिल्लीतच वाढलेली. तिने मला कोपराने ढोसलं. "बाबा, बाळसं मतलब?"

"अगं, बाळ भरतं ना, ते. गाल भरतात, दंड भरतात, मांड्यांना वळ्या पडतात..." मी सांगत होतो आणि दाखवायला म्हणून पाळण्यात बघत होतो. ईराच्या मांड्यांना वळी नव्हती. दंड काटकुळे. भरलेलं होतं ते फक्त पोट, आणि तेही ताणून बसवलेल्या ढोलकीसारखं.

मी स्वतःला दटावलं. सोनाराला जिथे तिथे सोनं दिसतं, मला जिथे तिथे तुंबलेलं आतडं. ऑफिसचा माणूस ऑफिसातच ठेवावा.

जेवताना निखिल आईचं कौतुक सांगत होता. "मामा, आईने काय केलं माहितीये? मेट्रो स्टेशनखालच्या पानवाल्याकडे गेली आणि म्हणाली, भैया, पान नको, नुसते देठ दो. तो बिचारा कन्फ्यूज! आंटी, डंठल का क्या करोगी? आता रोज पुडी बांधून ठेवतो तिच्यासाठी. फ्री!"

सगळे हसले. मीही हसलो. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही देठाचं काय करतात हे सांगावं लागत नाही, पण ओवीसाठी सुमनताईंनी सांगितलं: बाळाला शी होत नसली की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवायचा आणि खाली हळूच लावायचा. लगेच होते.

"पहिल्या दिवसापासून लावते हो मी," त्या मला आग्रहाने जिलबी वाढत म्हणाल्या. "जन्मली त्या संध्याकाळी नर्स आली, शी झाली का विचारायला. मी म्हटलं, कधीच झाली! ती येण्याआधीच मी देठ लावला होता."

जिलबी तोंडातच राहिली. आमच्या बैठका, हवामान, माझा तो सिद्धांत, सगळं ताटात येऊन पडलं.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "सुमनताई, आणि देठ न लावता? आपणहून कधी झालीय हिला?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकली. "न लावता कशाला? रोज लावतेच की मी. पोरीला त्रास कशाला द्यायचा?"

मी केतकीकडे पाहिलं. केतकीने निखिलकडे. एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कोणालाच सांगता येईना. ईराला आपणहून शी होते की नाही हे बघायची वेळच तिथे कधी आली नव्हती.

परत येताना गाडीत वैशाली म्हणाली, "तू काहीही बोलू नकोस हं. आधीच पहिलटकरीण, तिच्या डोक्यात भुंगा सोडशील. काही हजारात एक, तूच सांगतोस ना?"

"मुलींमध्ये त्याहून कमी," मी म्हटलं.

"मग झालं तर."

खरोखर, माझं सगळं शास्त्र वैशालीच्या बाजूने होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला कधी कधी कितीतरी दिवस शी होत नाही, आणि ते ठणठणीत असतं. केतकीच्या बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं होतं. पोट फुगलेली बाळं पैशाला पासरी. गणित स्वच्छ सांगत होतं, गप्प बस. आणि मी ऑफिसात बसून त्या देठाची चित्रं काढत होतो. आयुष्यभर गणितावर पोट भरलं, आणि ते एवढं ठामपणे बोलत असताना मला त्याचं एक अक्षर पटेना. मला समजेना की मी साथरोगतज्ज्ञ म्हणून घाबरलोय की मामाआजोबा म्हणून.

मिसेस भटनागरना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हज़ारों में एक, बिल्कुल ठीक। पर शिर्के जी, वो एक भी तो किसी के घर में ही पैदा होगा ना? हवा में तो नहीं होगा।"

मग मी फोन केला. केतकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, मला कधीपासून वाटतंय काहीतरी. दूध पिताना मध्येच थकते ती. पण आई एवढ्या मायेने करतात, त्यांना कसं सांगू, की तुम्ही करताय त्याच्याखाली काहीतरी लपतंय?"

ते सांगण्याचं काम अर्थात माझ्यावर आलं. सुमनताईंनी मला बसायलाही सांगितलं नाही. "तीन लेकरं वाढवली मी. शेजारपाजारची धरली तर मोजदाद नाही. देठाने आजवर कोणाचं वाईट झालेलं ऐकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच ऐकलं नव्हतं. "फक्त सर्जनना दाखवू. काही नसलं तर मी सांगलीला येऊन तुमची जाहीर माफी मागतो."

"हार घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन ईराचं टोपडं शोधायला लागल्या.

सर्जन म्हणजे एक तरुण, शांत बाई होत्या. त्यांनी ईराचं पोट चाचपलं, खालून औषध सोडून एक्स-रे काढला, मग आतड्याचा तांदळाएवढा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो की मला खोटं पाड. मला सांगलीला हार घेऊन जायचं होतं.

रिपोर्ट आला. पेशी नव्हत्या.

सर्जनबाई समजावत होत्या, निखिल लिहून घेत होता, केतकी ईराच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. सुमनताई मध्येच पुढे झाल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "डॉक्टर, मैंने वो देठ लगाया ना रोज, वो मेरा चूक हुआ क्या?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "अम्मा, आपने रोज पेट खाली न कराया होता तो बच्ची की हालत बहुत खराब होती। अब ऑपरेशन तक हम भी तो यही करेंगे, नली से।" मग हात न सोडता म्हणाल्या, "हाँ, पता ज़रा देर से चला।"

बाहेर बाकावर सुमनताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही हेच मोजता ना? मग मला एक काय ते सांगा. मी बरं केलं का वाईट?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही कसं असेल? तुमच्या कागदावर काहीतरी एकच लिहीत असाल ना?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या कागदावर एकच लिहितात. 'पहिली शी वेळेत: होय.' त्याच होयमुळे आजार लपला, आणि तोच होय रोज घडवून आणला म्हणून पोरगी इथपर्यंत आली. मी या विषयावर परिषदांमध्ये भाषणं दिलेली आहेत. त्या बाकावरून मात्र उठलो. मी कँटीनमधून दोन चहा आणले. त्यांनी घेतला. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशनपर्यंत पोट धुवायची नळी कशी वापरायची ते सिस्टरकडून सुमनताईच शिकल्या. केतकी नळी उचलून परत खाली ठेवायची, निखिल तर खोलीबाहेरच जायचा.

इकडे मी आमचा प्रश्न बदलून घेतला. 'पहिली शी कधी झाली?' याच्यापुढे आणखी एक: 'आपणहून झाली, की कोणी काही केलं होतं?' जुन्या घरांना परत फोन केले. आणि काय काय निघालं! कुणी साबणाची कांडी लावली होती, कुणी घुट्टी पाजली होती, कुणी एरंडेल. एका आजी म्हणाल्या, "किया था जी, क्यों नहीं करते? बच्चा है, मेहमान थोड़े ही है कि इंतज़ार करें।" इतके दिवस सांगितलं का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "आपने पूछा कब?"

आता सगळं उलगडलं असं वाटत असेल तर तसं नाही. काही घरांत कोणीच काही केलं नव्हतं आणि शी तरीही वेळेवर झाली होती. काहींना आठवत नव्हतं. आणि मुली मुळात कमी असतात म्हणून आमच्याकडे कमी आहेत, की त्यांना कोणी आणतच नाही म्हणून, हे तर मला अजून कळलेलं नाही. ईराला आणलं, कारण तिच्या मामाआजोबाची नोकरी विचित्र होती. ज्यांचे मामाआजोबा बँकेत आहेत त्या मुलींचं काय, हा प्रश्न मी बैठकीत मांडला, तेव्हा साहेब म्हणाले, "शिर्के, हे अभ्यासाच्या कक्षेत येत नाही."

ऑपरेशन झालं. नीट झालं, असं सांगितलं. पण शी होईपर्यंत कोणाच्या जिवात जीव नव्हता. आतड्याची दोन टोकं जोडलेली, आता त्याने स्वतः ढकलायचं होतं. मला त्या दिवशी बैठक होती, वेगवेगळ्या राज्यांतून मंडळी आलेली. पडद्यावर माझाच तक्ता होता आणि मी त्याच्यासमोर उभा होतो. खिशात फोन थरथरला. बघितलं तर सुमनताई. मी सगळ्यांदेखत घेतला.

पलीकडून आधी नुसतं हुंदके की हसू ते कळेना. मग आवाज आला, "मामा, झाली! कोणी काही केलं नाही हो. देठ नाही, नळी नाही, मी तर हातसुद्धा लावला नाही. पोरीची आपली आपण झाली. दुपटं भरून!"

"झाली!" मी ओरडलो. मराठीत, भर सभेत. मिसेस भटनागरना मराठीचं अक्षर येत नाही. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. मग कशासाठी ते माहीत नसताना बाकीच्यांनीही वाजवल्या. साहेबांना वाटलं, माझ्या तक्त्यासाठी.

फोन चालूच होता. सुमनताई म्हणत होत्या, "आता लिहा तुमच्या कागदावर. आपणहून."

मी संध्याकाळी कागद काढला. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या शीला आमच्या प्रश्नावलीत रकानाच नाही. म्हणून इथे लिहिलं.